बायकांना शपथ नव्हती

आरक्षणाच्या वादात आमचं गाव दोन आळ्यांत फाटलं, तेव्हा मी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेतली परीक्षा देऊन घरी आले होते. फाट्यावरच्या एका फलकावरून दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली. मग आमच्या आळीतल्या पुरुषांनी मारुतीसमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली: पलीकडच्यांच्या दुकानात, शेतात, लग्नात, मयतीत जायचं नाही. त्यात माझे वडीलही होते. बायकांना कुणी बोलावलं नव्हतं.

आठवड्याभरात पलीकडची एक मावशी गेली. आई तिच्याबरोबर वीस वर्षं खुरपायला जायची. त्यांची सगळी आळी एकाच भावकीची. एक मयत झाली की सगळ्यांना सुतक, कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. म्हणून पहिली भाकरी नेहमी आमच्या आळीतून जायची. त्या दिवशी दुपार झाली तरी कुणी काही नेलं नव्हतं.

आईने भाकऱ्या थापल्या. काकू आणि शेजारच्या तिघी आल्या. मी पिठल्याचं पातेलं धरलं. हातात काही असलं की बोलावं लागत नाही.

पारापाशी आमच्याच आळीतली माणसं आडवी उभी होती, त्यात वडीलही.

"वहिनी, मागं फिरा. बेलभंडार उचललाय."

"तुमी उचललाय," आई म्हणाली. "आमाला कुणी इचारलं?"

"घरधन्यानं उचलला म्हंजी झालं."

"व्हय का?" काकू म्हणाली. "मंग उद्यापासून तुमीच जेवा. बायकूचं पोट भरंल बराबर."

दोघं-तिघं हसले. वडील हसले नाहीत. वाटही कुणी सोडली नाही.

तेव्हा आई रस्त्यातच बसली. बाकीच्याही बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. "इंग्रजी शाळेतली पण बसून राहिली बघा," कुणीतरी म्हणालं. मी मान वर केली नाही. पिठल्यावर साय धरली. एकाने दुरडीला लाथ मारली. आईने भाकऱ्या गोळा केल्या, माती झटकली आणि पुन्हा फडकं टाकलं.

शेवटी मावशीची सून पलीकडून आली, आमच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यातलीच एक भाकरी खाऊ लागली. तिच्या दाताखाली खडे वाजत होते. मग तिच्या घरच्या दोन बायका येऊन दुरडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी माणसं ताटात बेलभंडार घेऊन घरोघर फिरली. आता बायकांनीही उचलायचा होता. आईने हात पदराखाली घेतले. "मी न्हाई."

वडिलांनी सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली मारली. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने हात बाहेर काढले नाहीत.

मग ताट माझ्यासमोर आलं. "शिकल्याली हाय, तिला कळतंय," वडील म्हणाले. मी उचलला. मला कुणी हातही लावला नव्हता.

सकाळी आईने पुन्हा भाकऱ्या थापल्या. कालच्या चौघींपैकी एकटी काकू आली. मी पातेल्याला हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली. "तुला शपथ हाय." तिचा आवाज शांत होता. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुरडी डोक्यावर आणि पातेलं कमरेवर घेऊन ती निघाली. पारापाशी कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. त्यांच्यासमोर दोघी खाली बसलेल्या मला दारातून दिसल्या.