तापू न दिलेला खड्डा

माझी खालची दाढ उभी चिरली होती. जालन्यातल्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दाढ काढू आणि लगेच त्याच जागी हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवू. सोबत आलेले माझे वडील मध्येच बोलले. जांब समर्थ गावाजवळ त्यांची मोसंबीची बाग आहे.

"झाड उपटल्याबरोबर त्याच खड्ड्यात रोप लावतं का कुणी? खड्डा उन्हात तापू द्या अगोदर, आतली कीड मरू द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाई मात्र शांत होत्या. "काका, आत पू नाही, हाड भक्कम आहे, म्हणून लगेच बसवता येतं. फक्त काही महिने त्या बाजूनं चावायचं नाही."

"मंग बराबर हाय. नव्या झाडाचा बहार धरायचा न्हाई, फळं घ्यायची घाई करायची न्हाई."

दाढ काढून स्क्रू बसवला, तेव्हापासून त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. मंठ्याच्या एका लग्नात तर भर पंगतीत ओरडले, "त्याच बाजूनं चावून राह्यली तू!" पन्नाशीच्या बाईला! मी रागानं ताटावरून उठले.

काही महिन्यांत हाडानं स्क्रू घट्ट धरला आणि त्यावर दात बसला. घरी आल्यावर वडिलांनी मला तोंड उघडायला लावलं आणि रोप हलवून बघावं तसा तो दात चिमटीत धरून हलवून पाहिला.

"धरला जीव," म्हणाले.

मग त्यांनी ऊस सोलला, एक कांडं माझ्या हातात दिलं आणि समोर बसले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नाही. मी ऊस खात होते आणि ते नुसता आवाज ऐकत होते.