दातांच्या भरवशावर घेतलेलं धान

बसा बसा, चहा येऊनच राह्यला. तोपर्यंत माहा एक मूर्खपणा ऐकून घ्या. अट एकच, ऐकताना माह्या तोंडाकडं पाहाचं नाही.

तुमाले माहीत हाय, मी तुमसरच्या राइस मिलमंदी धान पारखतो. आपला जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं ना, त्याच्याही आधीपासून. काम सोपं. शेतकरी ट्रॅक्टरवर पोते घेऊन येते, मी दोन दाणे काढून दाढेखाली दाबतो. ‘कट’ वाजलं त धान वाळलं, घ्या. चेपलं त ओलं, वापस न्या अन् अजून दोन दिवस उन्हात टाका. पण हे दुसऱ्या कोणाले जमत नव्हतं, अन् त्याच्यावरच माही खुर्ची होती, रुबाब होता अन् घरची चूल होती.

त झालं काय, मागच्या उन्हाळ्यात माहे दात हालाले लागले. डॉक्टरनं सगळे काढले अन् कवळी बसवून देली. वर कवळी, खाली कवळी.

मी बायकोले बजावलं का मिलमंदी कोणाले कळलं त काम गेलं समज. ती म्हणे, शेठजीले खरं सांगून टाका, ते काही खाणार नाही तुमाले. मी म्हणलं, ‘तू निगेटिव्ह बोलू नको. दात बदलले, माणूस थोडीच बदलला?’ मी पहिलेपासून पॉझिटिव्ह माणूस, काय सांगू.

अन् त्याच हंगामात शेठजीनं मशीन आणली. छोटा डब्बा. दाणे टाकले का धानात पाणी किती हाय तो आकडा दिसते. मशीनीसंगं चालवाले सुजाता आली, लाखनीची, बीएस्सी झालेली पोरगी. आल्या आल्या ‘जयभीम काका’ म्हणून पाया पडली. शेठजीनं आम्हा दोघाइले बोलावलं अन् मले म्हणलं, ‘जमाना बदल रहा है श्रावण, तू भी थोडा थोडा सीख ले.’

मी म्हणलं, बदलाले मी एका पायावर तयार हाव शेठजी. अन् आपल्या खुर्चीवर येऊन बसलो.

सुजाता रोज म्हणे, काका, दहा मिनिटाचं काम हाय, शिकून घ्या. मी सगळ्याइसमोर तिले विचारो, ‘बाई, तुह्या मशीनले दात हाय का?’ आता मले सांगा, असं बोलाले कोणाची जीभ उचलन? माह्या सोताच्या तोंडात एक दात नव्हता!

हंगामभर दोन्ही टेबल चालू द्या, असं शेठजीनं ठरवलं. ज्याले जिथं धान दाखवाचं तिथं दाखवावं. पहिल्या दिवशी मले धाकधूक होती, कवळी धोका देते का काय म्हणून. पहिला दाणा दाबला, ‘कट’. दुसरा दाबला, ‘कट’. वा रे पठ्ठ्या! जुन्या दाढेपेक्षाही खणखणीत.

आठ दिवसात काय चमत्कार! सगळी लाइन माह्याकडं अन् सुजाता एकटी माश्या मारत बसली. लोकं राम राम कराले लागले, चहा पाजाले लागले. सोमाजी नावाचा एक शेतकरी त आपल्या बोडीतल्या, म्हणजे शेतातल्या तळ्यातल्या, मासोळ्या घेऊन घरी आला. मले त्या पोरीची कीव आली. मी तिले समजावलं का बेटा, मनाले लावून घेऊ नको, लोकाइचा विश्वास कमवाले वर्षं लागते.

मंग एक दिवस हमाल सांगत आले का गोदामातल्या ढिगातून वाफ निघून राह्यली. मी म्हणलं, चांगलंच हाय, गरम हाय म्हणजे आतून वाळून राह्यलं. दोन दिवसानं आंबूस वास सुटला. मी म्हणलं, नव्या धानाले वास राह्यतेच. मंग कोंब फुटले. तुमी म्हणान, आता तरी याचे डोळे उघडले असन. मी म्हणलं, बियाणं जोरदार दिसते!

शेठजीनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला अन् चटकन बाहेर काढला. सुजातानं त्यातलेच दाणे मशीनीत टाकले. मशीन म्हणे ओलं. मंग शेठजीनं मूठ माह्यापुढं धरली. हमाल पाहून राह्यले, शेतकरी पाहून राह्यले. मी दाणा दाबला. ‘कट’.

‘वाळलं हाय शेठजी.’

‘श्रावण, इसमें से अंकुर निकल रहा है.’

माणसानं तिथं थांबावं ना? मी नाही थांबलो. मूठभर दाण्याइचा अख्खा बोकना तोंडात कोंबला अन् असा जोर लावला का वरची कवळी सुटली अन् धानाच्या ढिगावरून घरंगळत खाली गेली. शेठजीच्या चपलेजवळ जाऊन थांबली.

कोणी हासलं नाही. हासले असते त बरं झालं असतं. सुजातानं कवळी उचलली, नळावर धुतली, रुमालात धरून मले देली. मंग हळूच विचारलं, ‘काका, दाणा दाबला का तुमाले काही समजते का?’

खोटं नाही सांगत, डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, ‘नाही बेटा. नुसतं वाजते.’

मधात दाणा असो का नसो, कवळीवर कवळी आपटली का ‘कट’ वाजणारच! पन्नाशी उलटलेल्या बिनदाताच्या माणसाले आता कोण काम देणार? शेठजीनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं अन् म्हणलं, ‘पहले सारा धान आँगन में फैला. फिर मशीन सीख. नहीं तो घर बैठ.’

तीन दिवस भर उन्हात पायानं धान पलटवलं, जेवढं वाचलं तेवढं वाचवलं. मंग त्या पोरीपाशी शिकाले बसलो. दहा मिनिटाच्या कामाले मले दोन दिवस लागले, काहून का दाणे उचलले का हात आपोआप तोंडाकडं जाये. ती म्हणे, ‘काका, तोंडात नाही, मशीनीत.’ पण जमलं. अन् खरं सांगू? आवडलं बी.

माह्या मशीनीवरच्या पहिल्याच दिवशी सोमाजी ट्रॉली घेऊन आला. बिचारा बाहेरगावी होता, त्याले मागचं काहीच माहीत नव्हतं. मी दाणे मशीनीत टाकले अन् म्हणलं, ओलं हाय, वापस ने. तो डोकं खाजवत जवळ आला, हळूच म्हणला, ‘श्रावणभाऊ, हे यंत्र राहू द्या ना जी. कवळीनंच पाहा.’

मी दचकलो. ‘तुले कवळीचं कोणं सांगतलं?’

‘सांगाले कायले लागते? पहिल्या दिवसापासून अख्ख्या बाजाराले मालूम हाय,’ सोमाजी म्हणला. ‘नाही त ओलं धान घेऊन तुमच्या लाइनीत कोण उभं राह्यलं असतं?’