तुना बालिचेविचने न पाहिलेलं शिंगरू

आमच्या वर्बिक गावात तुना बालिचेविचला कुणी विचारलं की बाबा रे, तुझा धंदा काय, तर तो सांगायचा, "बघणं." आणि खरोखरच एकतीस वर्षं त्याने तेवढंच केलं. घोडीला शिंगरू झालं की पहिल्या उन्हाळ्यात, ते आईच्या पोटाशी असतानाच, तुना यायचा. खिशात दोन पेन्सिली, एक लाल, एक काळी. घोड्याचं नुसतं रेघांचं चित्र छापलेला कागद तो गुडघ्यावर ठेवायचा आणि शिंगराच्या अंगावरचा एकेक पांढरा डाग लालने, केसांचा एकेक भोवरा काळ्या फुलीने त्यावर उतरवायचा. पांढऱ्या कागदावर पांढरं दाखवणार कसं, म्हणून लाल. खाली सही ठोकली की ते शिंगरू अमक्या घोडीचं, अमक्या मालकाचं, हे सरकारदरबारी पक्कं व्हायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आमच्या सावा नदीकाठच्या घोड्यांची जातच दगाबाज. जन्मतात काळी कुळकुळीत. दुसऱ्या वर्षी करडी होतात, मग ठिपक्याठिपक्यांची, आणि पुढे चुना फासल्यासारखी पांढरी. कपाळावरचा चांद, नाकाचा पट्टा, सगळं त्या पांढऱ्यात बुडून जातं. कुरणात चाळीस घोडी उभी असली तर मालकालाही आपली ओळखू येत नाही, शपथेवर मात्र प्रत्येकाला ओळखू येते. नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला, शिंगरांना तापल्या लोखंडाचा डाग देतात. पण तोवरचे सहा महिने शिंगराची ओळख म्हणजे तुनाचा कागद, दुसरं काही नाही.

"माझ्या डोळ्यांनी बघितलं नाही ते माझी पेन्सिल लिहीत नाही," हे तुनाचं वाक्य ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते. गुत्त्यात, चर्चच्या पायरीवर, लोकांच्या लग्नात, कुठेही. बायको हयात होती तेव्हा म्हणायची, "मला मागणी घालायला आलात तेव्हा जरा बघितलं असतंत तर दोघंही सुटलो असतो." तो हसायचा. हसला तरी वाक्य सोडायचा नाही.

ज्या गोष्टीने तुनाचं नाव गेलं ती सुरू झाली पुरापासून. त्या साली ऑक्टोबरात सावा बांध फोडून आत शिरली, मार्टिनच्या सणाला तीन आठवडे राहिले असताना. सामाईक कुरणातली घोडी काही पोहून निघाली, काही बुडाली. बुडालेल्यांत रेझा पेझेरोविचची म्हातारी घोडी सुल्ताना होती. तिचं सहा महिन्यांचं शिंगरू, व्राना, मात्र सापडलंच नाही. व्राना म्हणजे कावळी. काळं होतं म्हणून हे नाव. रेझाच्या आजीच्या आजीपासून त्या घरात घोड्यांचा तेवढा एकच वंश चालत आला होता. रेझाचा नवरा जर्मनीत कारखान्यात. तो पत्रात लिहायचा की गेलं ते बरं झालं, आता गोठा मोडून टाक. रेझाने गोठा मोडला नाही. रोज झाडायची, रिकामाच.

तीन वर्षांनी, एप्रिलात, नदीपलीकडच्या ओकच्या जंगलातून रानटी झालेली घोडी हाकून आणली. तीसेक होती. जिल्ह्याच्या समितीने फर्मान काढलं: ज्यांचा कागद जुळेल ती मालकाला, बाकीची दुपारी बाराच्या ट्रकमध्ये. तो ट्रक इटलीच्या खाटकाचा होता.

रेझा उजाडायच्या आधीच कुंपणापाशी जाऊन उभी राहिली होती. तुना आला तेव्हा तिने त्याची बाही धरली आणि एका करड्या वछेरीकडे, तरण्या घोडीकडे, बोट दाखवलं. ठिपके विरत चाललेले, तोंड पार पांढरं. "ही माझी व्राना आहे, तुनाकाका. मान कशी उडवते ती बघा. थेट सुल्ताना." वछेरीने मात्र तिला ओळख दिली नाही. रेझाने पुढे केलेली पावाची कड तिने हुंगली आणि मान फिरवली.

समितीचे जनावरांचे डॉक्टर ल्युबिच सरळ माणूस होते, आणि सरळ माणसांचं हेच अवघड असतं. त्यांनी रेझाने आणलेला तुनाचाच कागद हातात धरून वछेरीभोवती एक फेरी मारली आणि थांबले. कागदावर मागचा उजवा खूर पिवळट लिहिला होता. हिचा उजवा खूर काळा होता, पिवळट होता तो डावा.

"केस रंग बदलतात, बाई," डॉक्टर रेझाला म्हणाले, "खूर बदलत नाही. ही तुमची नव्हे."

रेझाने तुनाकडे बघितलं. तुनाने एक बादली पाणी मागितलं. जुन्या लोकांना हे ठाऊक असतं: घोडा वरून कितीही पांढरा झाला तरी कातडी विसरत नाही. जिथे जन्मतः काळे केस होते तिथे कातडी काळी, जिथे पांढरा डाग होता तिथे गुलाबी. केस भिजून चिकटले की खालचं दिसतं. गावातल्या दोघांनी वछेरीला दोरांनी धरलं आणि तुनाने ओंजळ ओंजळ पाणी तिच्या कपाळावर घातलं. पांढरं कपाळ हळूहळू काळवंडलं आणि त्या काळवंडलेल्यात मधोमध गुलाबी चांद उमटला.

रेझा रडायला लागली. तुनाला स्वतःलाही हायसं वाटलं. पण चांदाचं शेपूट खाली नाकपुडीकडे वळलं होतं ते डाव्या बाजूला, आणि कागदावर ते उजवीकडे होतं. डॉक्टरांनी कागद त्याच्यासमोर धरला. चांद शंभर घोड्यांना असतो, ते म्हणाले. तुनाने ओल्या कपाळावर बोट फिरवलं. एकावर एक दोन भोवरे लागले, कागदावर होते तस्सेच. फक्त तेही डाव्या बाजूला. बोट तिथेच राहिलं.

कारण आता त्याला तो दिवस आठवला. जूनमधला योहानचा सण, अंगाची लाही करणारं ऊन. त्याचा गुडघा सुजलेला. रेझाने अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडून खारवलेलं डुकराचं मांस, कांदा आणि फळांची गार दारू, राकिया, ठेवली होती. सुल्ताना परक्या माणसाला जवळ येऊ देत नव्हती, लाथा झाडत होती. रेझा म्हणाली, काका, तुम्ही बसा, मी आतून सांगते. आणि तो बसला. ती गोठ्यात शिंगरासमोर उभी राहून ओरडून सांगत होती, हे उजवीकडे, ते उजवीकडे. आपल्या उजव्या हाताला जे होतं ते. कागदावरचं डावं-उजवं घोड्याचं असतं, बघणाऱ्याचं नसतं, ही गोष्ट तुनाने आयुष्यभर पोराटोरांना शिकवली. त्या दिवशी तिसरा पेला भरता भरता त्याला ती सुचली नाही. सही मात्र झोकात केली होती.

गप्प बसलं तर दुपारपर्यंत सगळं मिटेल, अशी एक नीच गोष्ट त्याच्या मनात आली, आणि ती बराच वेळ राहिली. ट्रकवाला फळी टाकत होता. गावातली निम्मी घोडी तुनाच्या सहीवर विकली गेली होती. ब्लाझ कोवाचने तर गेल्याच वर्षी एक वळू घोडा त्याच सहीच्या जोरावर दूर विकला होता, आणि तो ब्लाझ आत्ता वछेरीचा दोर धरून उभा होता. रेझाने वछेरीच्या ओल्या आयाळीत बोटं रुतवली होती, इतकी की ती पांढरी पडली होती.

"डॉक्टर," तुना म्हणाला, "हे शिंगरू मी बघितलं नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. गुडघा, अक्रोड, राकिया, सगळं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कागदाची घडी घातली.

"म्हणजे तुम्हीच सांगताय की कागद खोटा आहे. खोट्या कागदावर मी घोडी देऊ कशी?"

खरं बोलून आपण उरलीसुरली आशाही घालवली, हे तुनाला तेव्हा कळलं. रेझाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तुना डॉक्टरांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"खोटा नाही, उलटा आहे. आणि उलटा आहे तर सगळाच उलटा पाहिजे. अजून दोन खुणा आहेत. ओठावर एक, मानेवर एक. एक जरी सुलटी निघाली तर घाला तिला ट्रकमध्ये. मी स्वतः फळीवर चढवतो."

ओठाचा गुलाबी ठिपका कागदावर उजवीकडे होता. वछेरीच्या ओठावर तो डावीकडे निघाला. राहिला मानेवरचा भोवरा, गव्हाच्या ओंबीसारखा लांबट. कागदावर मानेच्या डाव्या अंगाला होता. मग हिच्या उजव्या अंगाला हवा. उजव्या अंगावर आयाळ पडलेली, खाली हिवाळ्याचे दाट केस. तुनाने आयाळ उचलली, चाचपलं, पुन्हा चाचपलं. काहीच नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. तुनाने उरलेली सगळी बादली मानेवर ओतली, चष्मा काढून फेकला आणि गाल जवळजवळ मानेला टेकवून इंच इंच केस बोटाने उलटवत गेला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. वछेरी दचकली, मान आवळली, आणि त्या आवळलेल्या ओल्या मानेवर केसांची ओंबी वर आली. तुनाला ती आधी बोटाला लागली, मग दिसली. त्याने डॉक्टरांचं बोट धरून तिथे नेऊन टेकवलं.

डॉक्टरांनी ती ओंबी स्वतः दोनदा चाचपून बघितली. मग त्यांनी कागदाची घडी उघडली. वछेरी रेझाची, असं ते मान्य करणार होते, पण कागदावर तुनाच्या हातचं हवं होतं, दोन साक्षीदारांदेखत. तुनाने सहीखाली लिहिलं: हे शिंगरू मी पाहिले नव्हते. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे ते मोठ्याने वाचलं. ब्लाझने साक्षीची सही केली आणि दोर खाली टाकला. "आणि माझा बघितला होतात का, तुनाकाका?" त्याने विचारलं आणि उत्तराला थांबला नाही.

रेझाने दोर उचलला. तिने आभार मानले नाहीत. "तीन वर्षं मी शिंगराच्या कागदाकडे बघून रात्री काढल्या," ती एवढंच म्हणाली आणि वछेरीला घेऊन बांधावर चढली. तुना बघत राहिला. ऊन चांगलं पडलं होतं. वळणावर वछेरीने मान फिरवली तेव्हा कपाळ वाळून पुन्हा पांढरं झालं होतं, चांद दिसत नव्हता. त्याने खिशातल्या दोन्ही पेन्सिली काढून डॉक्टरांच्या हातात दिल्या.

पुढे दोन वर्षं तुनाला कुणी बोलावलं नाही. त्याचे जुने कागद तपासले गेले, सगळे बरोबर निघाले, पण त्याने काय होतं. शिंगरं नोंदवायला जिल्ह्याहून एक तरुण पोरगा मोटारसायकलवर यायचा. गुत्त्यात तुना कोपऱ्यात बसायचा, आणि ते वाक्य त्याच्या तोंडून परत कधी कुणी ऐकलं नाही. लोकांना त्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

मग एका मे महिन्यात रेझा त्याच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यातूनच बोलली. व्रानाला शिंगरू झालं होतं, काळं कुळकुळीत, मादी. शनिवारी तो पोरगा कागद करायला येणार होता.

"त्याच्या आधी तुम्ही एकदा बघून घ्या," ती म्हणाली.

"मला आता लिहायची परवानगी नाही, रेझा."

"लिहा म्हणून कोण म्हणतंय?"

तिच्या अंगणात अक्रोडाखाली टेबल होतं, त्यावर काही मांडलेलं नव्हतं. तुनाचा गुडघा आता वाकतही नव्हता. गोठ्याच्या दाराशी आल्यावर तो सवयीने थांबला. आत जवळजवळ पांढरी झालेली घोडी फुरफुरली आणि तिने मागचा पाय उचलला.

"लाथ मारेल," तो म्हणाला.

"मारू दे," रेझा म्हणाली. "या वेळी आत या."