उलटा चढणारा ट्रॅक्टर

परळच्या एका गोदामातला तो अपघात माझ्या नोकरीतला मोठा गुन्हा नव्हता. वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली नाही. तरीही सेवेतली एखादी आठवण सांगा म्हटले, की मला आधी तोच आठवतो.

निवृत्तीला वर्ष उरले होते. सकाळी अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यात खबर आली, की बंद गिरणीच्या आवारातल्या गोदामापाशी लाकडी पेटी अंगावर पडून एक माथाडी कामगार जखमी झाला आहे. मी आणि हवालदार पोहोचलो तेव्हा त्याला रुग्णालयात नेले होते. मांडीचे हाड मोडले होते, डोक्यालाही मार होता. तो जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असे डॉक्टरांनी लेखी कळवले.

गोदाम कार्यक्रमांचे मंच उभारणाऱ्या एका कंत्राटदाराचे. आवारात खड्डे आणि जुन्या विटा. साधी फोर्कलिफ्ट तिथे रुतते. म्हणून त्याने लहान ट्रॅक्टर घेऊन त्याच्या मागच्या बाजूला फोर्क बसवला होता, म्हणजे हायड्रोलिकवर वरखाली होणारे दोन लांब लोखंडी दांडे. ट्रकमधून उतरलेली पेटी या दांड्यांवर घ्यायची आणि काँक्रीटच्या चढावरून वर गोदामात न्यायची, हे रोजचे काम.

ट्रॅक्टर चालवायला चाळिशीतली एक बाई होती. लालबागच्या चाळीत राहणारी, गिरणी कामगाराची मुलगी. ट्रॅक्टर ती कोकणात, गावी शिकली होती. त्याचा परवानाही तिच्याकडे होता. घरात कमावणारी ती एकटीच.

कंत्राटदाराने तक्रारीत तिचेच नाव दिले. त्याचा पुतण्या तिथे व्यवस्थापक होता, त्याने दुजोरा दिला.

"साहेब, मी फोर्कलिफ्टचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे," तो म्हणाला. "हिला किती वेळा सांगितलं, शिकून घे. गावात नांगरट केली म्हणजे लोड उचलता येतो असं नाही ना."

प्रमाणपत्राची प्रत त्याने मी मागण्याआधीच पुढे केली.

बाईचे म्हणणे वेगळे होते. "ट्रक खोळंबला होता, साहेब. हे मॅनेजर म्हणाले, मी घेतो पेटी, तू आत जागा कर. मी आत होते. आवाज आला तशी बाहेर धावले."

"हे पाहिलं कुणी?"

"ज्याने पाहिलं तो हॉस्पिटलात आहे."

कॅमेरा फक्त फाटकावर होता आणि ट्रकवाला आम्ही पोहोचण्याआधीच निघून गेला होता. एका बाजूला दोन जबाब आणि एक प्रमाणपत्र, दुसऱ्या बाजूला ती. मी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. खरे सांगायचे तर मला व्यवस्थापकाचे पटत चालले होते. निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात तिचे नाव लागले असते, तर नोकरी गेलीच असती, आणि पुढे कुणी तिला ट्रॅक्टरवर बसू दिले नसते.

दुपारी ठाण्यातला फोन वाजला. "त्या बाईला उगाच गुंतवू नका. ट्रॅक्टरवर कोण होतं ते नीट बघा," एवढे बोलून माणसाने फोन ठेवला. निनावी फोन हा पुरावा नव्हे. पण बोलणाऱ्याचा त्यात काही फायदा दिसत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये, असे मी शिकलो होतो.

मी तिला घेऊन पुन्हा गोदामावर गेलो. दोन पंच बोलावले. म्हटले, "रोज कसं करता ते दाखवा."

ती आधी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आली. पुढच्या बाजूला टांगलेली लोखंडी वजने हलवून पाहिली. मग बसली, कमरेतून मागे वळली आणि ट्रॅक्टर मागे घेत दोन्ही दांडे पेटीखाली सरकवले. एकदाही थांबून अंदाज घ्यावा लागला नाही. पेटी वीतभरच उचलली, त्याहून वर नाही. आणि चढाकडे निघाली ती उलटी, म्हणजे ट्रॅक्टरची पाठ वर आणि तोंड खाली.

हवालदार ओरडला, "ओ ताई, उलट्या कुठे निघालात? तोंड फिरवा ना!"

"तोंड फिरवलं तर तोंड आभाळात जाईल, दादा!" तीही ओरडूनच बोलली. "वजन मागे आहे ना! सरळ चढले तर पुढची चाकं उचलणार. वजन नेहमी चढाच्या बाजूला."

ती चढली. पेटी तसूभर हलली नाही. पोलीस दलात मी चांगले चालक पुष्कळ पाहिले. इतक्या शांतपणे गाडी मागे नेणारा क्वचितच.

खाली उतरून तिने चढाच्या पायथ्याशी बोट दाखवले. काँक्रीटवर दोन समांतर ताजे ओरखडे होते. त्यांच्या वरच्या बाजूला, चढावर, मोठ्या चाकांचे घासल्याचे डाग.

"दांडे इथे टेकले. चाकं त्यांच्या वर आहेत. मी चढले की दांडे वर असतात, चाकं खाली. हा ट्रॅक्टर सरळ चढवला होता, साहेब."

सकाळी मी त्याच ओरखड्यांवर उभा राहून पंचनामा लिहून घेतला होता.

ओरखड्यांमधले अंतर मोजले. ते दांड्यांमधल्या अंतराएवढेच भरले. फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून हे सगळे हातात आल्यावरच मी व्यवस्थापकाला ठाण्यात बोलावले.

"तुम्ही शिकलेले आहात," मी म्हणालो. "लोड घेऊन चढ कसा चढायचा, मला समजावा."

तो खुशीत आला. "सोपं आहे. सरळ, तोंड वर करून."

"का?"

"लोड चढाच्या बाजूला पाहिजे. पहिल्या दिवशीच शिकवतात."

"या ट्रॅक्टरला फोर्क कुठे आहे?"

"माग..." तो अर्ध्यावर थांबला. "सवय, साहेब. फोर्कलिफ्टला फोर्क पुढे असतो. हात आपोआप सरळ गेले. पुढची चाकं उचलली आणि पेटी मागे घसरली. काका म्हणाले, बाईचं नाव सांग."

दोन दिवसांनी जखमी कामगार शुद्धीवर आला. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले की ट्रॅक्टरवर व्यवस्थापक होता.

नियम त्या तरुणाला पाठ होता, तिला तो उमगला होता. हा फरक कागदावर दिसत नाही, काम करताना पाहावा लागतो. त्यानंतर यंत्राचे कुठलेही प्रकरण आले, की मी आधी त्यावर रोज काम करणाऱ्याला ते चालवून दाखवायला सांगत असे.

कागद पुढे पाठवण्यापूर्वी मी तिचा पहिला जबाब पुन्हा वाचला. 'व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'गोदामात मदतनीस' असे लिहिले होते. कंत्राटदाराने तसे सांगितले, आम्ही तसे लिहिले. तिला कुणी विचारलेच नव्हते. मी तिला बोलावून पुरवणी जबाब घेतला आणि व्यवसाय काय लिहू, असे विचारले.

"ट्रॅक्टरचालक," ती म्हणाली. हवालदाराने लिहिले. तिने तो शब्द नीट वाचला आणि मगच सही केली.