रायफल अडकली नव्हती

“हुकूम झाला, नायब सुभेदारांनी घोडा ओढला, आणि रामरायाने रायफल जागच्या जागी अडकवली!” यंदाच्या रामनवमीस आमच्या तंजावरच्या मठात हरिदासबुवांनी आख्यानाच्या ऐन रंगात हा प्रसंग सांगितला आणि सभेने टाळ्या पिटल्या. तो नायब सुभेदार मीच. पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकत होतो. आख्यान चालू असता मध्ये उठून बोलू नये, ही आमच्या मठाची जुनी रीत. तिने माझे तोंड धरून ठेवले. आता आख्यान संपले आहे. देवनागरी मी पलटणीत शिकलो, मराठी वडिलांच्या मांडीवर. दोन्ही अजून शाबूत आहेत, म्हणून लिहितो.

बुवांवर माझा राग नाही. त्यांचे आख्यान गोड असते आणि गोडव्यापुढे पुराव्याची मातब्बरी कुणाला? पण घरी परतताना माझा चुलतभाऊ स्वामिनाथराव, निवृत्त तहसीलदार, याने बुवांच्याही वर ताण केली.

“अण्णा, रायफल चालली असती तरी तुम्हांस दोष कसला? हुकूम सरकारचा, पाप सरकारचं. शिपाई म्हणजे टपालवाला. पत्रात काय आहे ते त्याला कशाला?”

“टपालवाल्याच्या हातून माणूस मरत नाही, स्वामी.”

“अय्यो, चिडता कशाला? मी तुमच्याच बाजूने बोलतो आहे.”

“माझी बाजू तुला ठाऊक असती तर तू गप्प बसला असतास.”

माझी नात मीनाक्षी स्कूटर ढकलत आमच्याबरोबर चालली होती. लष्करी अधिकारी होण्यासाठी तिची निवड झाली आहे. लवकरच ती प्रशिक्षणास चेन्नईला जाईल. ती हसून म्हणाली, “सरी, आजा, ठीक आहे. मग मला काळजीच नको. बंदूक राम बघेल, पाप सरकार बघेल. मी नुसता सॅल्यूट ठोकीन.” थट्टाच होती ती. पण ती मला बोचली. उद्या हिच्या एका शब्दावर तीस-चाळीस रायफली उठतील, आणि त्या क्षणी हिला आठवेल ते काय? बुवांचे आख्यान, की तहसीलदारांचा निवाडा? ती गाडीत बसण्यापूर्वी तिला खरे ते ठाऊक झाले पाहिजे, असे मी तिथेच ठरवले.

खरे ते असे. उत्तरेकडच्या एका गावी दंगल झाली होती, संचारबंदी लागली होती आणि नदीवरच्या पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी माझी तुकडी उभी होती. आमचे साहेब पलीकडच्या तीरावरच्या उंच इमारतीवर दुर्बीण घेऊन होते. सकाळी उन्हे वर चढताना गावाच्या बाजूने जमाव आला. पुढे ढोल, मागे उंचावलेले हात, आणि हातांतून काहीतरी उधळले जात होते. वारा आमच्या पाठीकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे ढोलाखेरीज काही ऐकू येईना. वायरलेसवर साहेबांचा आवाज आला: “पत्थर फेंक रहे हैं. पुल पर पैर रखें तो फायर.”

माझ्या जागी दुसऱ्या मुलखाचा माणूस असता तर त्यालाही दगडच दिसले असते. पण मी तंजावरचा. आमच्याकडे पिकले पान गळले की रडण्याआधी ढोल वाजतो. नातवंडे प्रेतापुढे नाचतात, वाटभर लाह्या, ज्यांना तमिळीत ‘पोरी’ म्हणतात, उधळतात. परका पाहुणा हे पाहून हमखास फसतो. वरात म्हणतो, नाहीतर दंगा म्हणतो. तो ढोल ऐकून माझ्या मनाने म्हटले, ही प्रेतयात्रा आहे. मात्र तिरडी दिसत नव्हती, आणि दंगलखोरही ढोल वाजवतात. माझी खात्री नव्हती, हे मी लपवणार नाही.

मी म्हणालो, “साहब, एक बार देख लेने दीजिए.”

“देखना मेरा काम है. तुम फायर करो.”

माझे जवान माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांतल्या प्रत्येकाचे घर मला ठाऊक होते. मी चुकलो तर त्यांची डोकी फुटणार, आणि हुकूम पाळला नि साहेब चुकले असले तर समोरची माणसे मरणार. त्या घटकेला मी रामाला हाक मारली, हे सत्य आहे. पण काय मागितले, ते बुवांनी मला कधी विचारले नाही. हत्यार अडकव असे मी म्हटले नाही. मी म्हटले, “रामा, या हातांचा धनी मी आहे, तू फक्त डोळे दे.”

आणि वारा फिरला. नदीचे वारे तसे फिरतच असतात; यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. त्या वाऱ्याबरोबर एक लाही उडत आली आणि माझ्या बाहीवर चिकटली. पांढरी, फुललेली, वजन नसलेली. पाठोपाठ ढोलाच्या खालून माणसांचा सूर आला, “राम नाम सत्य है.” मी जवानांना दोन्ही कठड्यांना सरकवले आणि वाट मोकळी केली. तिरडीवर कुणी अतिवृद्ध बाई होती, झेंडूने झाकलेली. मी शिरस्त्राण काढले. जाताना एका म्हाताऱ्याने थांबून माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले. त्याला नमस्कार करायचेही मला सुचले नाही.

नंतर साहेबांनी विचारले, “हुकूम सुना नहीं था?” मी म्हणालो, “सुना था, साहब. इसीलिए देखा.” माझी बढती पुढे बरीच अडली. त्याचे मला दुःख नाही आणि त्याचा डंकाही मी पिटत नाही. लाह्यांच्या जागी दगड आले असते तर माझ्या जवानांच्या रक्ताचा जाब मलाच द्यावा लागला असता; तो मी सरकारवर ढकलला नसता आणि रामावर तर नाहीच. शरणागतीचा अर्थ मला त्या पुलावर कळला. आपल्या वाटणीचे ओझे देवापुढे टाकून मोकळे होणे म्हणजे शरणागती नव्हे. ते उचलावे, आणि पेलण्याचे बळ त्याच्याकडे मागावे. मी मागितले होते त्याहून अधिक त्याने दिले. त्याचे ऋण मी रोज सकाळी मठाच्या पायरीवर डोके टेकून मानतो.

हे सारे मीनाक्षीला ओसरीवर बसवून सांगितले. ती हसली नाही. तिने विचारले, “पण आजा, इतके लोक म्हणतात तर क्षणभर तरी अडकली असेल ना रायफल?”

पुलावर हत्यारे भरण्याचा हुकूम देणे माझ्या हाती होते आणि तो मी दिलाच नव्हता. लाही उडून आली तेव्हा माझ्या तुकडीतल्या एकाही रायफलीवर गोळ्यांची मॅगझिन चढलेली नव्हती.