शाल नको, किल्ली द्या

"साडी कशाला नेसून आलात? कोट घालून या असं सांगितलं होतं ना?"

वाघोलीच्या एका कॉलेजात, स्टेजच्या मागच्या खोलीत, कार्यक्रमाच्या मॅडम मला असं म्हणाल्या. बाहेर सभागृह पोरापोरींनी भरलेलं. अर्ध्या तासात माझा सत्कार होणार होता. समाजसेवा आणि सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या परिसरातल्या कार्यकर्त्यांचा गौरव, असं दारावरच्या फलकावर लिहिलेलं. त्यात माझाही फोटो.

मी हडपसरला राहते. दारोदार कचरा गोळा करते. आईही तेच करायची. आमच्या वस्तीतल्या बायकांना जमवून मी ओळखपत्रं मिळवली, हातमोजे आणि कामाचे निळे कोट मिळवले. शाळा सुटलेल्या पोरींना परत शाळेत नेऊन बसवलं. हेडमास्तरांशी भांडून. हे कुणीतरी कॉलेजात सांगितलं आणि घरी निमंत्रण आलं. लेकीच्या साखरपुड्यात घेतलेली पिस्ता रंगाची साडी मी कपाटातून काढली. इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणली.

मी म्हटलं, "मॅडम, कोट कामावर घालतात. आज मी पाहुणी आहे."

मॅडम हसल्या. "अहो, पाहुण्या आहातच की. पण साडीत आपण अगदी आमच्यासारख्या दिसता. लोकांना कळायला नको का, सत्कार कोणाचा आहे?"

आमच्यासारख्या दिसता. एवढीच त्यांची अडचण.

मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हं, हं," म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. त्या 'हं'चा अर्थ मला लहानपणापासून कळतो.

बसमध्ये दीड तास गेला होता. मी बाथरूम कुठे म्हणून विचारलं. मॅडमनी दाराशी उभ्या असलेल्या बाईला हाक मारली. "कमल, यांना घेऊन जा."

कमल म्हणजे कॉलेजची झाडलोट करणारी बाई. अंगावर निळा कोट. वाशीमकडची. नवरा खराडीला एका इमारतीवर वॉचमन. चालता चालता तिनंच सांगितलं. पण ती मला आत नेईना. मागच्या दारानं बाहेर, पटांगण ओलांडून, नव्या इमारतीचं बांधकाम चाललं होतं तिकडे नेलं. मजुरांसाठी पत्र्याचा संडास. दाराला कडी नाही, सुतळी.

"इकडं कशाला?" मी विचारलं.

"आपल्या बाया इकडंच येतात, ताई. आतल्याले कुलूप राह्यते. किल्ली हापिसात."

"मग आतले धुतं कोण?"

"मीच."

ती हे सहज बोलली. वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मी आत गेले, तिनं बाहेरून दार धरून ठेवलं. सकाळी घरून निघाल्यापासून ती पाणी पीत नाही, हेही तिनं दाराच्या पलीकडून सांगितलं. पाणी प्यायलं की इकडे यावं लागतं. मजूर असतात.

आम्ही परत आलो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, कमलकडे बघितलं. त्यांना एकदम सुचलं.

"कमल, काढ गं तो कोट. दहा मिनिटं यांना दे."

खोलीत फोटोग्राफर होता. दोन पोरं हारतुरे घेऊन उभी होती. कमलनं बटणं काढायला घेतली. नाही म्हणायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. कोट उतरला. आत ब्लाऊज पाठीवर उसवलेला. पिना लावलेल्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि हात मागे करून कोट माझ्यापुढे धरला.

तिच्या अंगाची ऊब होती त्या कोटाला.

मी आयुष्यात खूप गिळलंय. पायरीवर ठेवलेला चहा गिळलाय. 'ए कचरा' ही हाक गिळलीय. पण ती उघडी पाठ मला गिळवेना. मी कोट घेतला, तिच्या खांद्यावर टाकला, तिला माझ्याकडे वळवलं आणि एकेक बटण लावलं.

मॅडम म्हणाल्या, "अहो, उशीर होतोय."

मी म्हटलं, "होऊ द्या."

माझं नाव पुकारलं. स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष उभे होते. कॉलेज उभं आहे ती जमीन त्यांच्याच घराण्याची. हातात शाल. माईकवर म्हणाले, "अशी माणसं आपल्या पायाशी काम करत असतात, म्हणून आपण ताठ उभे असतो." टाळ्या पडल्या. ते शाल माझ्या खांद्यावर टाकायला पुढे झाले. मी एक पाऊल मागे सरले. माईक ओढून घेतला.

"शाल नको साहेब. किल्ली द्या. तुमच्या कॉलेजातले संडास धुणाऱ्या कमलला त्याच संडासात जायला बंदी आहे. ती पत्र्याच्या आडोशाला जाते. दिवसभर पाणी पीत नाही. आधी तिला किल्ली द्या, मग न्यायाचं बोला."

पुढचं बोलायच्या आत माईक बंद पडला. पाडला. मागच्या रांगांतून आधी दोन-चार टाळ्या आल्या, मग बऱ्याच. मी पायऱ्या उतरले. सभागृहाच्या मधून चालत पुढच्या दारानं बाहेर पडले.

घरी जाताना छाती फुगली होती माझी. पोरांनी व्हिडिओ टाकला होता, फोन थांबत नव्हता. मी जिंकले असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कमल पत्ता शोधत दारात आली. कॉलेजच्या साफसफाईच्या ठेकेदारानं तिला कामावरून काढलं होतं.

"तुमी बोलल्या," ती म्हणाली. "मले इचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. मॅडमनी तिचा कोट न विचारता घेतला, मी तिचं नाव न विचारता घेतलं. हजार माणसांसमोर. जिंकल्याची सगळी हवा तिथंच गेली.

ती बसलेली असतानाच मॅडमचा फोन आला. मी स्पीकर चालू केला. "हे बघा, गैरसमजातून बोलले, एवढं आपण लिहून द्या. सोमवारपासून कमलला परत घेऊ. अध्यक्षांचं मन मोठं आहे."

"थोड्या वेळानं सांगते," म्हणून मी फोन ठेवला.

या वेळी मी विचारलं. "कमल, तुझी नोकरी आहे. तू म्हणशील ते. लिहून देऊ?"

ती पदराचं टोक पिळायला लागली. मला वाटलं, हो म्हणेल. म्हणाली असती तर मी लिहून दिलं असतं. मान खाली घालून लिहिलं असतं.

"माफी कायची?" ती म्हणाली. "खोटं काय बोलल्या तुमी? आता मी सांगतो ते लिहा. अर्ज लिहा. पह्यलं नाव माहं टाका."

मी लिहिला. ती सांगत गेली: कुलूप, पत्रा, सुतळी, कोट. मग आम्ही दोघी तिच्यासोबतच्या बायकांच्या खोल्यांवर गेलो. सात जणींनी सह्या केल्या, अंगठे दिले. चौघी घाबरल्या. त्यांच्यावर राग नाही. भीती कशी पोसली जाते ते मला ठाऊक आहे.

अर्ज कामगार कार्यालयात दिला, शिक्का मारून पोच घेतली. कॉलेजातून अजून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी फोन कमलच्या हातात दिला. दोन्ही वेळा ती "नाही" म्हणाली. दुसऱ्या वेळी जरा जोरात.

सध्या ती माझ्याबरोबर कचऱ्याच्या फेरीला येते. अर्जाचं काय होईल, माहीत नाही. कदाचित वर्ष जाईल. कदाचित आम्हाला हाकलून देतील. पण सुनावणीला कमल बोलणार, मी तिच्या शेजारी उभी राहणार. त्या चौघींकडे मी दर रविवारी जातेय, आणि त्या सह्या करेपर्यंत जाणार आहे. माफीचा कागद आमच्या वस्तीतून निघणार नाही.