आईचा जबडा

नव्वद सालानंतरची गोष्ट. आईचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली होती. आम्ही कोलशेतचे कोळी. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून दवाखान्याचे कागद वाचायचं काम माझ्याकडे. पथ्यात मिठाला मनाई होती. सुकी मासळी बंद म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. मग मीच डोकं चालवलं. "खारवलेला बांगडा नको. पण जवळ्याला मीठ कुठे लावतो आपण? नुसता उन्हात वाळवतो. तो खा."

आई दोन्ही वेळेला जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, खाऊ लागली.

पुढे तिचा वरचा जबडा रुंद होऊ लागला. समोरच्या दातांत फटी पडल्या, दात हलू लागले. भाकरी कालवणात कुस्करूनच तोंडात जायची. शेजारीण म्हणायची, "काय गो, गालान सुपारी धरलीस काय?" आई हसायची, पण तोंडावर पदर धरून.

ठाण्यातल्या दातांच्या डॉक्टरांना ती म्हणाली, "सगले काढून टाका. कवली लावते."

त्यांनी एक्स-रे काढला. "दात नाही काढणार. दोष हाडात आहे, हाड विरळ झालंय. किडनीच्या डॉक्टरांना दाखवा."

किडनीच्या डॉक्टरांनी जेवण विचारलं. आईने अभिमानाने सांगितलं, "बिनमिठाचा जवला. पोरानं सांगितलं. शिकलाय तो."

डॉक्टरांनी न रागावता मला समजावलं. बिघडलेल्या किडन्यांना फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठला की गळ्यातल्या बारीक ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. सुक्या जवळ्यात फॉस्फरस भरपूर असतो. हे एकट्या जवळ्यामुळे झालेलं नाही, पण त्याने भर घातली. मी मिठापलीकडचं पथ्य नीट विचारलंच नव्हतं.

बाहेर बाकावर मी म्हणालो, "आई, चूक माझी."

"अरे बाला, तू बोललास म्हनून खाल्ला काय मी? मना आवडतो म्हनून खाल्ला. तू नको बोलला असतास तरी खाल्ला असता, चोरून."

गळ्याच्या ग्रंथींचं ऑपरेशन झालं. जबडा पूर्वीसारखा झाला नाही, पण वाढायचा थांबला. दोन दात पडले, बाकीचे हळूहळू घट्ट झाले. दात काढायला नकार देणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही. आईने पुन्हा भाकरीचा तुकडा मोडून चावून खाल्ला, तेव्हा मी समोर बसलो होतो. तिला बराच वेळ लागला. मी उठलो नाही.